हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसला आहे. पायलटचं क्लास वन मेडिकल परत मिळतं का?

मिळतं. व्यावसायिक उड्डाणासाठी लागणारं हे तब्येतीचं सर्टिफिकेट मला मिळालंय, आणि सध्या मी त्यावरच उडतोय. मी लातूरचा. चाळिशी ओलांडल्यावर अटॅक आला, एलएडी नावाच्या मुख्य नसेत एक स्टेंट आहे.

तुम्ही लिहिलंय की वय ३६, मूळ अंबाजोगाई, विमान कंपनीत को-पायलट, चार महिन्यांपूर्वी अटॅक, एक स्टेंट, आणि हातात डीजीसीएचं, म्हणजे देशातल्या विमान वाहतूक नियामकाचं, ‘तात्पुरते अनफिट’ असं पत्र. शिवाय कुणीतरी सांगितलंय की ‘ओळखीचा डॉक्टर आहे, आपण सेटिंग करू’. त्या सेटिंगचं आधी बोलतो, कारण ते दोन वाक्यांत संपतं. आपली तब्येत नियमात बसत नाही हे माहीत असताना लायसन्सधारकाने उडायचंच नाही, ही जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकली आहे, डॉक्टरवर नाही. आणि स्टेंट पुढच्या कुठल्याही अँजिओत, म्हणजे हृदयाच्या नसांच्या फिल्ममध्ये, लख्ख दिसतो. त्या माणसाचा फोन उचलू नका.

आता मुख्य मुद्दा. अनफिट पत्र आल्यावर आपण सगळे एकच गोष्ट सिद्ध करायला धावतो, की मी आता ठणठणीत आहे. रोज चालतो, वजन उतरवलं, जिना चढताना दम लागत नाही. हे सगळं छान आहे, पण मेडिकल बोर्डाला, म्हणजे डीजीसीएसाठी आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना, हा प्रश्नच पडलेला नसतो. त्यांना एवढंच ठरवायचं असतं की येत्या वर्षभरात हा माणूस कॉकपिटमध्ये अचानक मान टाकण्याची शक्यता किती. तुमची फाइल या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर काम होतं, नाहीतर तुम्ही पाच किलोमीटर पळून दाखवलं तरी होत नाही.

जगभरात हृदयाच्या केसेस बघताना ‘एक टक्का’ हा ढोबळ निकष मानतात. तो १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या हृदयतज्ज्ञांच्या चर्चांतून आला. हिशेब असा: वर्षात ८,७६० तास. शंभरातल्या एकाला वर्षभरात झटका येणार असेल तर ताशी धोका साधारण दहा लाखांत एक. त्यातही उड्डाणाचा खरा नाजूक भाग म्हणजे टेकऑफ आणि लँडिंग, तासाभराच्या फ्लाइटचा जेमतेम दहावा हिस्सा. आणि तेवढ्यात एक जण कोसळलाच तरी शेजारचा शंभरातल्या नव्याण्णव वेळा विमान सांभाळून घेतो. गुणाकार केला तर जीवघेण्या अपघाताचा धोका १०० कोटी तासांत एकावर येतो, आणि तेवढा चालतो. यात एक गोष्ट दडलेली आहे: हा सगळा हिशेब शेजारी दुसरा पायलट असण्यावर उभा आहे. ती गोष्ट पुढे तुमच्या सर्टिफिकेटवर छापून येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

ही कडकाई उगाच आलेली नाही. १८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोवरून ब्रसेल्सला निघालेलं ट्रायडंट विमान स्टेन्स गावाजवळ पडलं, आतले सगळे ११८ जण गेले. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या नसा बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता.

बोर्ड काय बघतं ते युरोपच्या नियमात सगळ्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून तेच अंदाजासाठी धरा. अटॅक किंवा स्टेंटनंतर किमान ६ महिने जाऊ द्यायचे. हृदयाची पंपिंग, म्हणजे इको रिपोर्टवरचा ईएफ, ५० टक्के किंवा वर. ज्या मोठ्या नसांना हात लावलेला नाही त्यांत ५० टक्क्यांच्या वर अडथळा नको. डाव्या मुख्य नसेबाबत तर ३० च्या वरही चालत नाही. ट्रेडमिलवर ताण दिल्यावर ईसीजीत बदल नको. आणि छातीत दुखतं म्हणून गोळी लागत असेल, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी लागत असेल, तर विषय तिथंच थांबतो. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी यांना कुणी हरकत घेत नाही, उलट ती बंद केली तर विचारतात. आपल्याकडे मुदत किती ते तुमच्या पत्रात लिहिलेलं असेल, तेच खरं. त्याआधी घाई करून काहीही हाती लागत नाही.

तुमचं वय ३६, त्यामुळे एक प्रश्न हमखास येणार: इतक्या लवकर का? त्याचं उत्तर फाइलमध्ये असू द्या. सिगारेट होती का, तंबाखू होती का (आपल्या भागात ‘सिगारेट ओढत नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी सापडते, डॉक्टरांनाही ते माहीत आहे), वडिलांना-काकांना काही होतं का, शुगर, बीपी. लायपोप्रोटीन ए नावाची रक्ताची तपासणी एकदा करून घ्या; ती खानदानी गोष्ट आहे आणि लहान वयातल्या अटॅकमागे बऱ्याचदा निघते. कारण सापडलं आणि ते आटोक्यात आणता येण्यासारखं असलं, तर तुमची केस सोपी होते. कारणच कळलं नाही तर बोर्ड जास्त चाचरतं.

आता कागद. जास्तीत जास्त लोक इथंच अडकतात.

पहिला कागद डिस्चार्ज समरी. ती आत्ता, हे वाचून झाल्यावर, काढा आणि शब्दन्‌शब्द वाचा. मला ज्या दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही) तिथं कॅज्युअल्टीत माझे चुलते बोलले, मी बोलायच्या अवस्थेत नव्हतो. त्यांनी मायेपोटी सांगितलं, ‘सहा महिन्यांपासून छातीत जळजळ व्हायली होती पोराला.’ ती ॲसिडिटी होती, रात्रीच्या फ्लाइटनंतर अवेळी खाण्याची. पण रात्रपाळीच्या ज्युनियर डॉक्टरने लिहिलं: सहा महिन्यांपासून अधूनमधून छातीत दुखण्याचा इतिहास. पायलटच्या फाइलमध्ये या ओळीचा अर्थ होतो की हा माणूस सहा महिने छातीत दुखत असताना विमान उडवत होता. ती ओळ दुरुस्त करून घ्यायला मला लातूरच्या गल्लीबोळांतून त्या डॉक्टरला शोधावं लागलं, तोवर तो पीजीला दुसरीकडे लागला होता. समरीवर खाडाखोड करून घेऊ नका. लेटरहेडवर वेगळं दुरुस्ती-पत्र, मूळ नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली तेही त्यात लिहिलेलं, सही-शिक्क्यासह घ्या.

दुसरं, अँजिओग्राफीची सीडी. नुसता रिपोर्ट नाही, खरी फिल्म. बोर्डाचे हृदयतज्ज्ञ स्वतःच्या डोळ्यांनी नसा बघतात. सीडी आजच घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघा, बऱ्याचशा उघडतच नाहीत. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करून घ्या, कारण दवाखाने जुन्या फिल्म कायम सांभाळून ठेवत नाहीत.

तिसरं, तुमच्या हृदयतज्ज्ञांचं पत्र. ते प्रेमाने लिहून देतील, ‘पेशंट कामावर जाण्यास योग्य आहे.’ त्यांच्या दृष्टीने बरोबरच, पण बँकेतल्या कारकुनालाही ते हेच लिहून देतात. तुम्हाला आकडे हवेत: कोणत्या तारखेला काय केलं, कोणत्या नसेत, बाकीच्या नसांत किती टक्के अडथळा उरलाय, ईएफ किती, ट्रेडमिलवर किती मिनिटं आणि का थांबला, गोळ्या आणि त्यांचे डोस, त्या दिवसापासून छातीत दुखलं की नाही, आणि पुढच्या वर्षभरात धोका किती वाटतो. शेवटचं वाक्य लिहायला डॉक्टर कचरतात. बसून समजावून सांगा, त्यांना विमानातलं काही माहीत नसतं. माझे डॉक्टर आधी म्हणाले, ‘एवढं कुठं लिहीत बसू?’ एक टक्क्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यांनाच त्यात रस आला आणि दीड पानाचं पत्र मिळालं.

ट्रेडमिलची चाचणी, ज्याला सगळे टीएमटी म्हणतात, तिला हलकं घेऊ नका. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांना वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, म्हणजे बाजारात रमतगमत चालल्यासारखं. तिसऱ्या टप्प्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. चौथ्यात पावणेसात किलोमीटरच्या आसपास आणि १६ टक्के. इथं चालावं की पळावं तेच पायांना कळत नाही. युरोपवाले चौथ्या टप्प्यापर्यंत जायला सांगतात. छातीवरचे केस भादरलेले, ठिकठिकाणी चिकटवलेले इलेक्ट्रोड घामाने सुटायला लागलेले, टेक्निशियन एका हाताने ते दाबून धरतोय आणि दुसऱ्या हाताने बीपीचा पट्टा फुगवतोय. पोटऱ्या भरून आल्या म्हणून सातव्या मिनिटाला उतरलात तर हृदय चांगलं असूनही चाचणी अर्धवट लिहिली जाते. लातूर-अंबाजोगाईच्या सपाट रस्त्यावर कितीही चाललात तरी त्या चढाची सवय होत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की जिममध्ये जाऊन चढ लावलेल्या ट्रेडमिलवर चाला. तुमच्याकडे योगेश्वरीच्या परिसरात टेकड्या आहेत, त्याचाही उपयोग करा.

मुदत संपली की डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज आणि मग पत्रात लिहिलेल्या केंद्रावर हजेरी: बहुधा बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन किंवा दिल्लीत सुब्रतो पार्कचं वायुदलाचं केंद्र. मी बेंगळुरूला गेलो, लातूरहून यशवंतपूर एक्स्प्रेसने. पायलट माणूस स्लीपरच्या डब्यात फाइल उशाला घेऊन झोपला होता. तपासणारे डॉक्टर वायुदलाचे, बोलायला मोजके, पण खडूस नाहीत. विचारलं तेवढंच सांगा आणि खरं सांगा. एक लक्षात घ्या, ते फक्त शिफारस करतात. अंतिम निर्णय डीजीसीएच्या दिल्ली मुख्यालयातला वैद्यकीय विभाग देतो. त्यामुळे केंद्रावरून निघताना ‘साहेब, काय झालं?’ म्हणून पाठीमागे लागण्यात अर्थ नाही. आणखी एखादी तपासणी, उदाहरणार्थ थॅलियम स्कॅन (हृदयाला रक्त नीट पोचतं का ते बघणारा), मागितली तर घाबरू नका, तो नकार नसतो. कायमचे अनफिट असं आलं तरी अपील करता येतं, तज्ज्ञांच्या मतासह.

बहुतेकांना पहिल्यांदा अटीसह मिळतं: शेजारी दुसरा पूर्ण पात्र पायलट असेल तरच उडायचं, आणि ठरावीक मुदतीने हृदयाच्या तपासण्या पुन्हा. विमान कंपनीत तसेही दोघे असतात, त्यामुळे फारसं अडत नाही. पण फ्लाइंग क्लबमध्ये इन्स्ट्रक्टर व्हायचं डोक्यात असेल तर ते तूर्त विसरा. शेजारचा विद्यार्थी पात्र पायलट धरला जात नाही.

पैशाचं थोडक्यात: कंपनीने लायसन्स गेल्याचा विमा काढला असेल तर पॉलिसी काढून बघा, तात्पुरतं आणि कायमचं अनफिट यांना त्यात वेगळे नियम असतात, आणि कळवायची मुदत निघून गेली की भांडून उपयोग नाही. दरम्यान कंपनीत जमिनीवरचं काम मागा, सेफ्टी किंवा ग्राउंड ट्रेनिंगचं. घरी बसून राहण्यापेक्षा बरं. गावाकडे लोक बोलणारच. ‘आता कशाला त्या इमानाच्या नादी लागायलास, मोंढ्यात आडत टाक’ हे मला लग्नाच्या पंगतीत, बोटाला वरणभात लागलेला असताना ऐकवलं गेलंय. त्यांना डीक स्लेटनची गोष्ट सांगून बघा. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी हा, १९६२ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित म्हणून जमिनीवर बसवला. १९७२ मध्ये पुन्हा फिट ठरला आणि १९७५ च्या जुलैमध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, अपोलो-सोयुझ मोहिमेतून अवकाशात जाऊन आला. आमच्या पंगतीत यावर उत्तर आलं, ‘त्याला काय, सरकारी नोकरी होती.’

आणि फिटचा कागद आला म्हणजे दुसऱ्या दिवशी रोस्टरवर नाव लागतं असं नाही. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग ही अट तुमची केव्हाच मोडलेली असते. त्यामुळे आधी ग्राउंड रिफ्रेशर, मग सिम्युलेटर, चेक आणि मग चेक कॅप्टनसोबत लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी फ्लाइटवर. सिम्युलेटरची तारीख मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा बेंगळुरूहून परतलात की निकालाची वाट न बघता ट्रेनिंग विभागाला मेल टाकून ठेवा, आणि विमानाची मॅन्युअल्स आतापासूनच रोज थोडी चाळत जा.