घर दोघांचं, लग्न झालेलं नाही. विकल्यावर कर कोणी भरायचा?

प्रश्न : मी आणि माझा जोडीदार लग्न न करता एकत्र राहतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ६० लाखांना घेतलेला फ्लॅट जानेवारी २०२६ मध्ये एक कोटीला विकला. ७० टक्के पैसे माझे, ३० त्याचे. करारनाम्यात हिस्से लिहिलेले नाहीत. नफा निम्मा-निम्मा दाखवायचा का?

उत्तर : नाही. हिस्सा लिहिलेला नसेल तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं. ते दाखवता आलं नाही, तरच वाटे समान. तेव्हा बँक स्टेटमेंट आणि कर्जाच्या हप्त्यांचे उतारे शोधून ठेवा.

नफा ४० लाख, साडेबारा टक्क्यांनी कर ५ लाख. पण घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असल्याने निवासी भारतीयांना महागाई निर्देशांकाचा जुना हिशेबही खुला आहे. ६० लाखांना विक्रीच्या वर्षाच्या निर्देशांकाने (३७६) गुणून खरेदीच्या वर्षाच्या निर्देशांकाने (२६४) भागा, खरेदी किंमत ८५.४५ लाख होते. उरलेल्या १४.५५ लाखांवर २० टक्के म्हणजे सुमारे २.९१ लाख. यातले २.०४ लाख तुमचे, बाकी त्याचे, आपापल्या रिटर्नमध्ये. सेस (करावरचा उपकर) वेगळा. (मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरलात तर आणखी कमी.)

प्रश्न : मैत्रिणीबरोबरचं जुनं घर विकलं. ती तिच्या पैशांतून नवं घर घेतेय. मला नफ्यावरच्या करात सूट मिळेल?

उत्तर : तिच्या घरावर तुम्हाला नाही. तुम्हाला घर नको असेल तर विक्रीपासून सहा महिन्यांत कलम ५४ईसीचे रोखे (नफ्यावरचा कर वाचवणारे) घ्या, कमाल ५० लाखांचे. पैसे पाच वर्षं अडकतात.

प्रश्न : आमचं नातं संपलं. तो म्हणतो, ‘माझा अर्धा वाटा तुझ्या नावावर करतो, पैसे नकोत.’ घेऊ का?

उत्तर : सही करण्याआधी थांबा. नवरा-बायको, भावंडं, आई-वडील यांच्याकडून मिळालेली भेट करमुक्त असते. आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ यादीत लिव्ह-इन जोडीदार मात्र नाही, मग कितीही वर्षं संसार केलेला असो. वाट्याचं मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ती किंमत) ५० हजारांच्या वर गेलं की ते सगळंच त्या वर्षीचं तुमचं उत्पन्न. वाटा ४० लाखांचा असेल तर हातात दमडी न येता ४० लाखांवर स्लॅबप्रमाणे कर! माझ्या मते या विषयातली ही सर्वांत जाचक तरतूद. त्यापेक्षा रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) आसपासच्या किमतीला वाटा रीतसर विकत घ्या, किंवा दोघं मिळून घर बाहेर विका. पहिल्या पर्यायात नफ्यावरचा कर त्याचा, हे त्यालाही आधीच सांगा.

प्रश्न : मी आणि भाऊ दोघं विक्रेते. खरेदीदाराने सगळा टीडीएस (किमतीतून आधीच कापलेला कर) माझ्याच पॅनवर भरला. आता काय करू?

उत्तर : फॉर्म २६क्यूबी (घरखरेदीवरचा टीडीएस भरण्याचा अर्ज) प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळा भरायचा असतो. रिटर्न भरण्याआधी खरेदीदाराकडूनच दुरुस्ती करून घ्या. तोवर भावाच्या २६एएसमध्ये (त्याच्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) हा टीडीएस दिसणार नाही.