वाचकांचे प्रश्न : लग्नाचा वाढदिवस आणि समुद्राकाठचे जुने गाव

प्रश्न : येत्या माघात आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. मी अंबाजोगाईत बी-बियाणे व खतांचे दुकान चालवतो आणि पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पंढरपूर, तुळजापूर, तिरुपती सगळे झाले, पण दर वेळी घरच्या दहा-बारा माणसांसह. दोघेच असे कुठे गेलो नाही आणि पत्नीने समुद्र तर पाहिलेलाच नाही. तिला इतिहासाची आवड असल्याने जुना किल्ला असलेल्या एखाद्या गावी शनिवार-रविवार घालवावा, असे मनात आहे. अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर आणि हरिहरेश्वर असा भाड्याच्या गाडीचा बेत मुलाने आखून दिला आहे. तो योग्य आहे का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चिरंजीवांची कळकळ समजते, पण हा बेत आपण स्वीकारू नये. अंबाजोगाईहून अलिबाग रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक आहे. त्यात पुढची तीन गावे जोडली, की दोन दिवसांतला बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या आसनावर जाईल आणि समुद्र खिडकीतूनच दिसेल. चारांपैकी एकच गाव निवडावे आणि ते अलिबाग असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जंजिऱ्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण सुटीच्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावर होडीसाठी रांगेत उभे राहण्यात पंचविसाव्या वाढदिवसाची दुपार घालवू नये, एवढेच.

अलिबागचा मोठा गुण हा, की तेथे समुद्रावरूनही पोहोचता येते. शुक्रवारी रात्री लातूरहून मुंबईची गाडी धरावी. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया गाठावे आणि तेथून मांडव्याची बोट घ्यावी. सुमारे तासाभराचा हा प्रवास आहे आणि थंडीच्या दिवसांत समुद्रपक्ष्यांचे थवे बोटीच्या मागे येतात. ज्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही, त्यांना तो प्रथम वाळूवरून न दिसता बोटीच्या कठड्यावरून दिसावा, यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच धरलेली असते. यासाठी पत्नीला शनिवारची किरकोळ रजा टाकावी लागेल, आणि परतीची गाडी सोमवारी सकाळी लातूरला पोहोचत असल्याने सोमवारचीही टाकलेली बरी.

आता किल्ल्याविषयी, कारण आपल्या बेताची खरी गुरुकिल्ली तेथे आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून थोडा आत, समुद्रातील खडकावर उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे बनले. ओहोटीला या किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जाता येते आणि भरतीला होडीनेच. त्यामुळे वाढदिवसाची नेमकी तारीख धरून बसण्यापेक्षा आधी भिंतीवरचे पंचांग पाहावे. कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट करावा. येईल ती भरतीची वेळ, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. उदाहरणार्थ, चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. षष्ठीला साडेचारला भरती आणि साडेदहाला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, दोन्ही पक्षांत हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अंतिम शब्द किनाऱ्यावरच्या माणसांचा मानावा. सकाळी किल्ला पाहायचा, तर चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सर्वांत सोयीचे. पौर्णिमा आणि अमावास्येला पाणी खूप मागे जाते खरे, पण ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीच्या आसपास ती दुपारी बाराला येते, मात्र तेव्हा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस असल्याने पाणी पुरेसे हटत नाही आणि वाट गुडघाभर पाण्यातून काढावी लागण्याची शक्यता असते.

किल्ल्यात घाई करू नये, पण पाणी वळण्याआधी परत फिरावे. उशीर करून आत अडकलेले लोक दर हंगामात असतात. तटाची बांधणी निरखून पाहावी. प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आणि चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. गाड्यावर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफांवर १८४९ हे साल कोरलेले दिसते. ते वाचायला इतिहासाची आवड असलेल्या शिक्षिकेला आवडेल.

शनिवारी सकाळी बोटीतून उतरून अलिबागला पोहोचेपर्यंत ती ओहोटी निघून गेलेली असेल, म्हणून किल्ला रविवारी सकाळी ठेवावा आणि रविवारची तिथी पाहूनच आठवडा ठरवावा. २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार मात्र तिथी कितीही सोयीची असली, तरी टाळावा. शनिवारी दुपारी जेवून विश्रांती घ्यावी आणि चारच्या पुढे गावात पायी फिरावे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी गावातच आहे. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहावी लागली, तरी तिची कथा पत्नीला अवश्य सांगावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथल्या कुलाबा भागातील वेधशाळेच्या सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला आणली गेली. आणि मग सूर्यास्तापर्यंत वाळूवर बसावे.

रविवारी किल्ला झाल्यावर रिक्षा ठरवून दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या सलग वाटेवर जावे. आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावच्या माणसांनी हा दगड पाहिल्याशिवाय परत येऊ नये. चौलचा तर आपल्या मराठवाड्याशी जुना संबंध आहे. पहिल्या शतकातील ग्रीक नोंदींत पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, या बाजारपेठा येतात, तसे सेमुल्ला या नावाने हे बंदरही येते. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी १४६९ मध्ये चौललाच उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या कोटाचे आणि चर्चचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेले आहेत. त्यांतला सातखणी बुरूज तेवढा पाहावा. समोरचा कोर्लई किल्ला खुणावेल. तो सोडून द्यावा, नाहीतर मांडव्याची दुपारची बोट आणि तिच्यामागोमाग लातूरची गाडीही चुकेल.

आपण विचारले नाही, तरी एक सांगतो. बिछान्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचे बदाम, फुगे, केक आणि समुद्रकाठी मेणबत्त्यांचे जेवण असे ‘पॅकेज’ आपल्याला सुचवले जाईल. त्याला माझा तात्त्विक विरोध नाही. पण दुकान आणि शाळा यांच्यामध्ये २५ वर्षे संसार केलेल्या माणसांना अनोळखी वाढप्यांच्या टाळ्यांत केक कापताना संकोचच अधिक होईल, असे वाटते. त्या पैशात समुद्राच्या बाजूची, व्हरांडा असलेली खोली घ्यावी आणि दुकानाचा फोन दोन दिवस मुलाकडे सोपवावा.

प्रश्न : यजमानांना मासे आवडतात आणि मी माळकरी आहे. कोकणात दोन दिवस माझ्या जेवणाचे काय होईल? त्यांच्या आनंदावर विरजण पडू नये, म्हणून विचारते. — एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आपण निश्चिंत असावे. अलिबागकडे वालाचे बिरडे, घावन, आंबोळ्या, सोलकढी आणि उकडीचे मोदक यांवर दोन दिवस उत्तम निघतात. मात्र अनेक घरगुती खानावळींत एकाच चुलीवर सगळे शिजते, म्हणून खोली ठरवतानाच शुद्ध शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईल का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. संकोचाने पोहोचल्यावर विचारले, तर उशीर झालेला असतो. यजमानांनी जिताडा हा मासा मिळाला तर जरूर खावा.

थंडीत जात असाल, तर पोपटीची चौकशी करा. आपल्याकडे हुरड्याला जे स्थान, तेच रायगडात पोपटीला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा आणि मीठ भरून ते उलटे ठेवतात व भोवती जाळ करतात. एरवी त्यात कोंबडी आणि अंडी असतात, परंतु आधी सांगितल्यास आपल्यासाठी निराळे मडके लागते. रात्री जाळाभोवती बसून त्या शेंगा सोलताना कोण माळकरी आणि कोण मत्स्याहारी, हा प्रश्न राहत नाही.

प्रश्न : आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून अलिबागला पाठवायचे आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, नांदेड

उत्तर : नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबईला जाता येते. गेटवेला मात्र पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते, जे दुखऱ्या गुडघ्यांना जड जाते. त्याऐवजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्यावी. तिच्यात वाहनेही जातात, त्यामुळे मुंबईतच गाडी ठरवली, तर दारापासून दारापर्यंत चढउतार जवळजवळ टळते. कुलाबा किल्ल्यासाठी घोडागाडी पुरेशी आहे, पण आतील तटावर वडिलांनी चढू नये. खोली तळमजल्यावरची घ्यावी आणि दोघांची आधार कार्डे सोबत द्यावीत. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. शनिवार-रविवारच्या परतीच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण खुले होईल त्याच दिवशी परतीचे तिकीट आधी काढावे आणि ते हाती आल्यावरच खोलीचे आगाऊ पैसे भरावेत.