मुख्यालयातून आलेले परदेशी तज्ज्ञ परत गेले की त्यांचं ज्ञानही त्यांच्यासोबत जातं. स्थानिक टीमने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे आलेले तज्ज्ञ मनाने चांगले आहेत, दर आठवड्याला ट्रेनिंग घेतात, स्लाइड्सही पाठवतात, आणि तरी ते सुट्टीवर गेले की काम अडतं. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे: आधी सहा वर्षं अशा तज्ज्ञांच्या हाताखाली, नंतर तीन वर्षं दुसऱ्या देशातल्या प्लांटवर मीच 'मुख्यालयातून आलेली'. ट्रेनिंगचे तास वाढवून हे सुटणार नाही, एवढं मी ठामपणे सांगते.

मी मोल्डिंग विभागात होते, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यात दाबून पार्ट बनवतात तिथे. नायलॉनच्या पार्टवर अधूनमधून चंदेरी रेघा यायच्या. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते मोल्डिंगआधी ड्रायरमध्ये वाळवावं लागतं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगून झालं होतं. ड्रायर ऐंशी अंशांवर नीट चालू होता, तरी रेघा येतच होत्या. एका रात्री आमचे परदेशी साहेब मशीनपाशी आले. स्क्रीनकडे न बघता त्यांनी नोझल (माल साच्यात सोडणारं मशीनचं तोंड) मागे घेऊन थोडा माल बाहेर सोडला आणि खाली वाकून बघत राहिले. वितळलेल्या मालात बारीक बुडबुडे होते, तो फसफसत होता. "हा वाळलेला नाही," ते म्हणाले. स्लाइडवर हे कुठेच नव्हतं. आपण हे सांगायला हवं होतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पण माल ओला का, हे त्यांनाही सांगता येईना. ते कळलं आमच्या ऑपरेटर दादांकडून. रात्रपाळीला घाई झाली की उघड्या पोत्यातला माल थेट हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) ओतला जायचा, पूर्ण वाळायच्या आत मशीनपर्यंत पोचायचा. दादांना हे कित्येक महिने माहीत होतं. बोलले का नाहीत? कुणी विचारलंच नव्हतं, आणि साहेबांसमोर चूक कबूल केली तर पाळीतल्या माणसावर बालंट येईल ही भीती. अर्धं उत्तर एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे. त्या रात्री दोघं एकाच मशीनपाशी उभे नसते, तर आम्ही आणखी वर्षभर ड्रायरलाच दोष देत बसलो असतो.

व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल शुलान्स्की यांनी 1996 साली आठ कंपन्यांमधल्या कामाच्या चांगल्या पद्धतींच्या 122 हस्तांतरणांचा अभ्यास मांडला. पद्धत एका विभागातून दुसरीकडे जाताना अडते, तेव्हा आपण म्हणतो की लोकांना द्यायचं नाही किंवा घ्यायचं नाही. त्यांना मोठे अडथळे वेगळेच दिसले: घेणाऱ्याकडे आधीची पुरेशी तयारी नसणं, पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही स्पष्ट नसणं, आणि दोघांमधले ताणलेले संबंध. आमच्या नायलॉनमध्ये यातलं दुसरं आणि तिसरं जसंच्या तसं होतं.

संबंधांबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. परदेशी सहकाऱ्याचा पगार, घर, गाडी सगळ्यांना ठाऊक असतं. स्थानिक माणूस मनात म्हणतो, एवढं मिळतंय तर त्यालाच शोधू दे. ही कुरबूर खोटी नाही आणि ती 'टीम बिल्डिंग'ने जात नाही. उलट बाजूने, मी परदेशात होते तेव्हा माझं मूल्यमापन फक्त उत्पादनाच्या आकड्यावर व्हायचं. म्हणून बिघाड आला की मीच धावत जाऊन दुरुस्त करायचे. शिकवत बसले तर पाळी वाया जायची. पहिल्या वर्षात मी कुणालाच काही शिकवलं नाही, याची मला आजही खंत आहे. तुमच्या तज्ज्ञांच्या वार्षिक उद्दिष्टांत 'अमुक दोन माणसं हे काम एकट्याने करू शकतात' अशी ओळ आहे का, हे तुमच्या व्यवस्थापकाला जरूर विचारा. नसेल तर ती घालून घ्या.

टोयोटा आणि जनरल मोटर्सने 1984 साली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एकत्र कारखाना सुरू केला, तेव्हा तिथल्या कामगारांना तुकड्यांनी जपानमधल्या ताकाओका कारखान्यात नेऊन जपानी कामगारांच्या शेजारी उभं केलं. पुस्तिका पाठवून भागलं असतं, तर एवढा खर्च कुणी केला नसता.

तुम्ही करण्यासारखं म्हणजे, वर्षभरातल्या सर्वांत त्रासदायक तीन-चार बिघाडांची यादी काढा. त्यातला पुढचा बिघाड येईल तेव्हा हात तुमच्या माणसाचा आणि तोंड तज्ज्ञांचं, असं ठरवून घ्या. ते काय बघतात, काय ऐकतात, कुठे हात लावून पाहतात, ते तिथल्या तिथे विचारा, "का?" विचारायला लाजू नका. ऑपरेटर मंडळींना सोबत घ्या, त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि दुभाषा तुम्ही व्हा. आणि तज्ज्ञांच्या जाण्याची तारीख ठरली असेल, तर त्याआधीचा एक महिना त्यांना प्लांटमध्येच ठेवून फोन मात्र तुमच्या माणसाने उचलायचा. अडलं तरच त्यांच्याकडे जायचं. आमच्याकडे त्या महिन्यात अकरा वेळा अडलं, आणि त्या अकराही गोष्टी आधीच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हत्या.