ओट्यावरचा प्लग पॉइंट सरकवताना वायरीचा जोड टाइल्सखाली बुजवला तर चालतो का?

नाही, अजिबात बुजवू नका. तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या घरात जुन्या पॉइंटपुढे आता उंच कपाट येतंय, बोर्ड अडीच फूट बाजूला घ्यायचाय आणि गवंडी म्हणतोय, ‘जोड मारून टेप गुंडाळू, वरून टाइल लावू.’ बेळगावात वडगावच्या आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा पाणी पितो आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. आषाढ लागला की आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप व्हायचा. मिक्सर बदलला, फ्रिज तपासला, काही सापडेना. शेवटी वायरमननं एकेक लाइन सोडवत माग काढला आणि ओट्यावरच्या चार टाइल्स फोडल्या. आत जोड. टेपचा डिंक ओघळून चिकट झालेला, तांब्यावर हिरवं किटण, एका बाजूची पीव्हीसी करपलेली. त्याच भिंतीशी उभी राहून आई रोज पोळ्या लाटायची.

म्हणून शक्य असेल तर जोडच ठेवू नका. डीबीपासून (घरातल्या मेन स्विचांच्या पेटीपासून) नव्या बॉक्सपर्यंत सलग वायर पाइपातून ओढून घ्या, म्हणजे पुढे बदलायची झाली तरी भिंत फोडावी लागणार नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटला निदान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि सोबत हिरवी अर्थिंग हवीच. सलग ओढणं जमतच नसेल तर जुना बॉक्स जागेवर राहू द्या, जोड त्यातच कनेक्टरनं घ्या, वर ब्लँक (बिनभोकाची) प्लेट लावा आणि सुताराकडून कपाटाच्या पाठीला त्या प्लेटएवढा चौकोन कापून घ्या. स्क्रू-ड्रायव्हर तिथं पोचला पाहिजे.

नवा पॉइंट सिंक आणि शेगडी दोन्हींपासून लांब घ्या. सिलिंडर ठेवता त्या कप्प्यात तर सॉकेट नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली की खालीच साठतो. फ्रिजचं सॉकेटही फ्रिजच्या मागे नको, बाजूला हात जाईल असं घ्या. खाचा सरळ उभ्या-आडव्याच मारायला सांगा. तिरकी पाइप कुठून गेली हे दहा वर्षांनी खिळा ठोकणाऱ्याला कळत नाही.

काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते, तोही बंद करायला लावा. बोर्ड उघडण्याआधी टेस्टर एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का ते बघा, मगच त्याच्यावर विसंबा. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच कामात बसवून घ्या; एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो, माणसाला बसणाऱ्या शॉकला नाही.

आणि गवंड्यानं खाचा भरण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून, आकडे दिसतील असे फोटो काढा. आमचे फोटो डीबीच्या झाकणाला आतून चिकटवलेत.