जुना वेली गुलाब : वाचकांचे प्रश्न

डिचोलीच्या आमच्या घरी बाल्कावावर (दारापुढच्या बसायच्या पडवीवर) आजीने लावलेली गुलाबाची वेल आहे. फिकट पिवळी, मान खाली घातलेली फुले येतात. ही 'मारेशाल नील' असेल का?

दाट शक्यता आहे. ही जात फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावच्या प्रादेल यांनी १८६४ साली आणली. फूल जड, देठ मात्र बारीक आणि लवचीक, त्यामुळे ते वाकतेच. म्हणून तर ती उंचावर चढवायची. वेलीखाली उभे राहिले की फूल थेट तोंडासमोर येते! पाकळ्यांचा रंग लिंबाच्या सालीसारखा, वास चहाच्या पत्तीसारखा. उन्हं चढायच्या आत घेऊन बघा. मागाहून आलेल्या 'गोल्डन शॉवर्स'चे (१९५६) फूलही पिवळेच, पण पाकळ्या कमी, आणि ते लवकर पसरट होते. एका फुलावरून निकाल देऊ नका. कळी, पूर्ण फूल, देठ, पान आणि काटे यांचे फोटो पूर्ण हंगामभर काढा.

फोंड्यात आमची वेल छपराला टेकली, पण फुले फक्त शेंड्याला. दरवर्षी दसऱ्यानंतर चांगली छाटतो.

ती छाटणीच नडते आहे. या जाती जुन्या लाकडावरच्या बाजूच्या काड्यांवर फुलतात. तुम्ही नेमके तेच कापता. शिवाय उभी फांदी सगळा जोर शेंड्याला देते. लांब फांद्या हळूहळू वाकवून आडव्या करा, काथ्याच्या दोरीने सैल बांधा. मग डोळ्याडोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या प्रत्येक अंकुराच्या जागेतून, फुटवे येतील. सुकलेले तेवढेच काढा.

पावसात पानांवर काळे ठिपके पडून वेल बोडकी होते.

बुरशी आहे. गळलेली पाने रोज वेचून जाळा, फांद्या विरळ ठेवा. मुळाशी पाणी साचते का तेही बघा. चिऱ्यात (जांभ्या दगडात) खणलेला खड्डा आषाढात हौद होतो. आळे जमिनीपेक्षा फूटभर उंच हवे.

मडगावचे घर पुढच्या वर्षी पाडणार. चाळीस वर्षांची वेल हलवता येईल?

इतकी जुनी वेल मुळासकट उपटली तर जगण्याची आशा कमी. मिरगाचा पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांवर पाचसहा गुट्या बांधा, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे ओले शेवाळ गुंडाळा, झाडावरच मुळे फुटतात. एकावर विसंबू नका, दोनतीन तरी दगा देतात. जोडीला एखाद्या रोपवाटिकेत खुंटावर (दुसऱ्या गुलाबाच्या मुळे धरलेल्या रोपावर) तुमच्या वेलीचे डोळे भरून घ्या. आणि एक तयार रोप शेजाऱ्यांना आत्ताच कबूल करून ठेवा. तुमचे गेले तर त्यांच्याकडून फांदी मागता येईल.