एप्रिलमध्ये ३० दिवस रोज एक कविता लिहायचीय, पण आठवड्याभरात सुचणंच बंद होतं. रोज कसला सराव करू?

रोज नवा विषय शोधत बसू नका, आठवडाभर एकच साचा धरा आणि विषय समोर दिसेल तो घ्या, गॅसवर उतू गेलेलं दूध पण चालतं. कारण आपण अडकतो ते 'सुरुवात कुठून करू' इथे, आणि एकदा अक्षरं मोजायला लागलं की डोकं आपोआप कामाला लागतं, मी दोन एप्रिल असेच काढलेत. पहिला आठवडा अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत ८ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. मग मोठा अभंग, म्हणजे चार चरण (ओळीचे तुकडे), त्यांत अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, हा सगळ्यात मजेशीर कारण शेवटच्या ४ अक्षरांत म्हणणं आटोपावं लागतं (आणि तिथेच खरी गंमत कळते). तिसरा हायकू, तीनच ओळी, दमलेल्या दिवसांसाठी बेस्ट. उरलेले दिवस मुक्तछंद, नाहीतर आधीचीच एखादी मोडून परत लिहा, तीपण त्या दिवसाची कविता म्हणून धरायची. फक्त भुजंगप्रयात वगैरे अक्षरगणवृत्तं, म्हणजे ज्यांत लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांचा क्रम ठरलेला असतो, हात बसलेला नसेल तर या महिन्यात नको, लघु-गुरू जुळवण्यातच रात्र जाते आणि चॅलेंज तिथेच सुटतं.