गोळीची सवय आणि गोळीची गरज

प्रश्न : माझ्या आईचे वय 67 आहे. वडील गेल्यानंतर तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या एसिटालोप्राम या नैराश्यावरील गोळीने तीन महिन्यांत ती पुष्कळ सावरली आहे. मात्र ‘अशा गोळ्यांची सवय लागते, आता बंद कर’ असे मामा सांगतात. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मामांची शंका अगदीच निराधार नाही, कारण आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (चिंता कमी करणारे, झोप आणणारे औषध) एकाच गोळीत एकत्र करून सर्रास दिली जातात आणि त्यांतील क्लोनाझेपामची सवय खरोखरच लागू शकते. म्हणून आधी पाकिटावरील घटक वाचावेत. नुसत्या एसिटालोप्रामची ओढ व्यसनासारखी लागत नाही. परंतु ते एकाएकी थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड आणि अंगातून वीज गेल्यासारखी विचित्र संवेदना असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवावी लागते. क्लोनाझेपाम असल्यास तर हे पथ्य अधिकच काटेकोरपणे पाळावे.

शिवाय बरे वाटू लागले म्हणजे उपचार संपला, असे नव्हे. लक्षणे ओसरल्यानंतरही साधारणपणे किमान सहा महिने औषध चालू ठेवतात, अन्यथा नैराश्य पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते.

मामांनी ज्याचा उल्लेखही केला नाही, ती गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. उतारवयात या औषधाने रक्तातील सोडियम कमी होऊ शकते आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे तो धोका वाढतो. डोके दुखणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून न देता लगेच डॉक्टरांना दाखवावे. लक्षणे नसली तरी सोडियमची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. पासष्टीनंतर एसिटालोप्रामची मात्रा सहसा दिवसाला 10 मिलिग्रॅमपेक्षा वाढवत नाहीत, कारण अधिक मात्रेने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

पुढच्या भेटीला आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामके आणि अ‍ॅस्पिरिनही त्यांत असू द्यावे. एसिटालोप्रामच्या जोडीने ती घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.